कापणीच्या रविवारची साक्ष

मतांगीकारासाठी सगळी मंडळी उभी राहिली आणि तृप्ती बसून राहिली.

घडले ते एवढेच. नाताळाआधीच्या आगमनकाळातला रविवार होता. त्या आठवड्यात भंडाऱ्यात थंडीने असा जोर धरला होता की चर्चच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवताना म्हाताऱ्या बायका सुस्कारे टाकीत आणि मग त्या सुस्काऱ्यांचीच आपसांत थट्टा करीत. पाळकसाहेबांनी हात वर केले, बाके करकरली, पदर आणि शाली सावरल्या गेल्या, आणि आपण कशावर विश्वास ठेवतो हे एका सुरात सांगण्यासाठी सारी माणसे उठली. निर्मलाही उठली. शब्द तोंडपाठ होते. इतक्या वर्षांनंतर ते तिच्या जिभेवरून तिच्या मदतीवाचून चालत असत. म्हणूनच डोळे मोकळे राहिले, आणि पलीकडे गायकांच्या बाकांवर उभ्या माणसांच्या रांगेत पडलेली खाच तिला दिसली. त्या खाचेत तृप्ती होती. समोरच्या बाकाच्या कडेला तिची बोटे आवळली होती, इतकी की नखांखालचे रक्त मागे हटले असावे. मान मात्र ताठ होती आणि बाजूने दिसणारा चेहरा शांत होता. त्या चेहऱ्यावरच निर्मलाची नजर अडकली. दुखणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर दुखणे असते. हा चेहरा धुऊन, पिळून, वाळत घातलेल्या फडक्यासारखा कोरा होता. आणि शेवटचे वाक्य यायच्या थोडे आधी तृप्तीने श्वास घेतला, हातांवर भार टाकला आणि ती उठली. ‘आमेन’ म्हणताना ती सर्वांत सामील होती. कोणाच्याही ध्यानात आले नाही. निर्मलाला धक्का बसला तो आपली मुलगी बसली याचा नव्हे, ती उठली याचा. किती वेळ बसले तर दिसत नाही, कुठल्या शब्दाला उठू लागले तर ‘आमेन’ला उभे राहता येते, हे सारे त्या पोरीला पक्के ठाऊक होते. असे कसब एका रविवारात येत नाही.

घरी परतताना दोघी उन्हाच्या बाजूने चालल्या. निर्मलाचा नवरा सुखराम एसटीवर चालक. रविवारीही त्याची तुमसर-सिहोरा फेरी होती आणि तो दुपारीच परतायचा होता.

“काय झालं होतं, बाई?” निर्मलाने विचारले.

“कवा?”

“मघा. उभी नाही राहिली तू.”

“चपलेचा अंगठा निसटला होता, आई. तोच घालत होती.”

निर्मलाने मान डोलावली. चौक ओलांडून, भाजीवाल्यांच्या हातगाड्या मागे टाकून दोघी गल्लीत वळल्या, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले की चपला तर पायऱ्यांवर होत्या. सगळ्यांच्याच होत्या. त्या चर्चमध्ये चपला घालून कोणी आत जात नसे. खोटे उघडे पडले होते, आणि तरीही ते पकडण्याची हिंमत तिच्यात नव्हती. कारण त्याच्यापुढचा प्रश्न एकच होता, दुखते का, आणि तो प्रश्न कापणीच्या सणापासून त्या घरात कोणी कोणाला विचारला नव्हता. घरात आरसा फुटला की बायका त्या कोपऱ्यात अनवाणी जात नाहीत. तशा त्या दोघी, नव्हे तिघेही, त्या शब्दाला वळसा घालून महिनाभर वावरत होते. आता चालताना ती मुलीच्या पावलांकडे पाहत होती. डावे पाऊल उजव्यापेक्षा किंचित उशिरा उचलले जात होते. की ते आपल्याच मनाचे खेळ? पाहणाऱ्याला पाहायचे असेल ते दिसते, असे ती स्वतःला म्हणाली, आणि लगेच तिला वाटले की हे वाक्य दोन्ही बाजूंनी कापते.

कारण धुंड, असे तिचा बाप म्हणे. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा तो माणूस, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जाई आणि संध्याकाळी कंदील लावून वाचत बसे. त्याच्या बापाने छप्पन साली धम्म घेतला होता आणि देव घरातून गेला तो गेलाच. त्याच्या जागी निर्मलाच्या बापाने एक वाक्य ठेवले होते. कारणाशिवाय काही होत नसते, बाई, कारण धुंड. शेजारणी पोरांना दृष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळीत, तेव्हा तो ओट्यावर बसून मोठ्याने हसे. आणि त्याच बापाने निर्मलाच्या धाकट्या भावाला, अमरला, तीन हिवाळे मांडीवर घेऊन काढले. अमरची हाडे दुखत. कुठलीही दुखत, आज कोपर, उद्या पाठ. गावठी डॉक्टर वात म्हणे, शेजारी बाहेरचे म्हणत, बाप काही म्हणत नसे. तो कारण धुंडत होता. चौथ्या हिवाळ्यात अमर गेला. बाप त्यानंतर कितीतरी वर्षे जगला, पण ते वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा आले नाही. निर्मलाला मात्र ते वारशासारखे मिळाले आणि ते कुठे ठेवावे हे तिला कधीच उमगले नाही.

मग पवनीच्या गाडीवरचा सुखराम आला. तो कोंढ्याच्या थांब्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ गाडी उभी ठेवू लागला आणि गावाला त्याचे कारण धुंडावे लागले नाही. त्याचे घर आजोबांपासून ख्रिस्ती. लग्नाआधी निर्मलाचा बाप्तिस्मा झाला. सासू बायजाबाई मनाची वाईट नव्हती, पण जिभेची धारदार होती, भाकरी थापता थापता शेजारणींना सांगे, “आमच्या सुनेले येशू बसमंदी भेटला, बाप्पा. तिकीट बी नाही लागलं.” सगळ्या हसत, निर्मलाही हसे. त्या हसण्यातून तिला कळले होते की इथे आपण कायमची पाहुणी आहोत. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या लावायला सगळी घरे जात; प्रत्येकाला आपली आजी, आपला काका तिथे होता, आणि निर्मला दुसऱ्यांच्या मेलेल्यांवर फुले वाहून परत येई. महिला मंडळात ती चहा करी. गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांवर सात जण बोलत. बायजाबाईदेखील एकदा बोलली होती. निर्मलाला कोणी बोल म्हटले नव्हते, आणि तिनेही कधी म्हटले नव्हते की मला द्या.

तृप्तीला सिकलसेल असल्याचे निदान शाळेतल्या तपासणीत झाले. डॉक्टरने कागदावर दोन गोल काढले, एक आईचा, एक बापाचा, आणि दोन्ही अर्धे काळे केले. दोघांच्याही रक्तात अर्धे आहे. तिच्यात पूर्ण आले. सुखरामने पुन्हा पुन्हा विचारले, औषध आहे ना? आहे, गोळ्या आहेत; नियमाने घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचे, थंडीत जपायचे. निर्मला त्या गोलांकडे पाहत राहिली. बापाला जन्मभर न सापडलेले कारण त्या कागदावर तिच्यासमोर होते, आणि ते कारण ती स्वतः होती. अमरच्या हाडांत जे होते ते तिनेच न दुखता सांभाळून आणले होते आणि मुलीच्या पदरात घातले होते. त्या दिवसापासून तिला कारणांचा तिटकारा आला. माणूस कारणाच्या जगात दोषी ठरला की तो अशा जगाची वाट पाहू लागतो जिथे कारणे चालत नाहीत. आणि असे जग तिच्या घरापासून चार गल्ल्यांवर होते, त्याला घंटा होती, आणि दर रविवारी ते उघडत असे.

प्रत्येक ऋतूचे आपले दुखणे होते. कार्तिकातला पहिला गारठा हातापायांत शिरे. पावसाळ्यात तृप्ती कॉलेजातून भिजून आली की पाठ धरे. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की पोटात कळा. चर्चचे वर्षही त्याच चाकावर फिरे, आणि निर्मलाच्या मनात दोन्ही एक झाली होती: नाताळ म्हणजे शेकाच्या पिशव्या, ईस्टरआधीचा उपवासकाळ म्हणजे मोहफुलांचा वास आणि तृप्तीच्या पिवळ्या डोळ्यांची भीती. मागच्या उपवासकाळात निर्मला चाळीसही दिवस दुपारचे जेवली नाही. वच्छलाबाई, मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त परिचारिका, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “अर्धा विश्वास म्हणजे विश्वास नाही, निर्मला.” गोळ्या टाक असे त्या म्हणाल्या नव्हत्या. पाळकसाहेब म्हणाले नव्हते. पुढे कितीदा तरी तिने आठवून पाहिले, कोणीतरी म्हटले असेल, एखादे वाक्य, एखादी खूण. पण नाही, कोणीच म्हटले नव्हते. गुड फ्रायडेच्या सकाळी नगरपालिकेची घंटागाडी दारात आली आणि निर्मलाने ओल्या कचऱ्याच्या टोपलीबरोबर गोळ्यांचा डबाही तीत रिकामा केला. शेजारीण त्याच वेळी कोरंभीच्या देवीला बोललेल्या नवसाचे सांगत होती आणि निर्मला तिच्याकडे कीव करून पाहत होती. आपण नवस बोलत नाही, आपण पाऊल टाकतो, असे तिला वाटले होते. दोन्हींत फरक काय, असे तिच्या बापाने ओट्यावरून विचारले असते. पण बाप मेला होता.

त्या संध्याकाळी सुखराम घरी आला. रिकामा डबा पाहिला, तिच्याकडे पाहिले, आणि जेवून उठला. भांडणारा माणूस तो नव्हताच. “तू सांगशील तसं,” एवढे म्हणाला, आणि नवऱ्याचा विश्वासही आपल्याएवढाच मोठा आहे असे समजून तिचे डोळे भरून आले.

आणि दुखणे आले नाही. वैशाख गेला, नळाला एक दिवसाआड पाणी आले, तरी आले नाही. पावसाळा आला, वैनगंगा पुलाला लागली, तृप्ती दोनदा चिंब भिजून आली, निर्मला रात्रभर तिच्या उशाशी श्वास मोजत बसली, काही नाही. तिचे गाल भरले. ती गायकांत गाऊ लागली. निर्मलाने त्या महिन्यांत सुख अनुभवले असे म्हणणे बरोबर होणार नाही; तिने एक प्रकारची सुटका अनुभवली, जन्मठेपेच्या कैद्याला कोणी सांगावे की निकालपत्रातले नाव तुझे नव्हते, तशी. कारण खोटे ठरले होते. दोन काळे अर्धगोल खोटे ठरले होते. ती आई होती, फक्त आई.

हलके, लवकर येणारे धान कापून झाले की कापणीचा सण. सिहोऱ्याकडच्या मंडळींनी धानाच्या पेंढ्या आणल्या, वेदीच्या दोन्ही अंगांना बांधल्या; कोहळे, ऊस, तुरीच्या शेंगा, कोणी जिवंत कोंबडा आणला होता आणि तो उपदेशाच्या मध्येच आरवला तेव्हा पाळकसाहेबच आधी हसले. उपदेशानंतर साक्षीची वेळ होती. कोणाचा बोअर लागला होता, कोणाचा मुलगा पास झाला होता. मग निर्मला उठली. उठायचे तिने ठरवले नव्हते, की ठरवले होते? ती पुढे गेली, पेंढ्यांचा वास तिच्या नाकात शिरला, कोंढ्याच्या खळ्यावरचा तो वास, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्या सगळ्या माणसांकडे तोंड करून उभी राहिली. “माझी मुलगी बरी झाली,” ती म्हणाली. “आम्ही गोळ्या सोडल्या. गुड फ्रायडेपासून एक गोळी नाही. प्रभूनं तिला बरं केलं.” बायका रडल्या. वच्छलाबाईंनी तिला छातीशी धरले. त्या गर्दीतून तिने मुलीकडे पाहिले. तृप्ती टक लावून आईकडे पाहत होती आणि तिच्या ओठांचा रंग गेला होता. आनंदाने माणूस असाही दिसतो, असे निर्मलाने ठरवले.

त्यानंतर जग बदलले. ज्या निर्मलाला चहा करायला सांगत, तिला प्रार्थना करायला सांगू लागले. तापाने फणफणलेली पोरे तिच्या ओटीत ठेवली जाऊ लागली. बायजाबाई जिवंत असती तर काय म्हणाली असती, असे मनात येई आणि त्या विचाराचीही एक गोडी होती, हे ती स्वतःपासून लपवत नसे. थंडी आली. एकदा तृप्ती जिना उतरताना मध्येच थांबलेली दिसली. “काही नाही, विचार करून राहिली होती.” एकदा तिने वेणी घालून मागितली, हात वर जात नाही म्हणून नव्हे, उगाच. एकदा रात्री उशी ओली होती. निर्मलाने वच्छलाबाईंना नुसते विचारले, अगदी नुसते, की कधी कधी बरे झालेले दुखणे परत... “बाई बाई बाई!” वच्छलाबाईंनी तिच्या ओठांवर हात ठेवला. “तोंडातून दुखणं काढू नको. काढलं का त्याले पाय फुटतात, मंग ते घरात येते. साक्ष देल्ली ना तू? धरून राह्य.” ती धरून राहिली. घरातला तो शब्द त्या दिवशी मेला. आणि आज, चपला पायऱ्यांवर असताना, पोरगी चपलेचा अंगठा घालत होती.

दुपारी मंडळाची प्रार्थना निर्मलाच्याच घरी होती. टाळता आली असती. तृप्ती जेवली नाही. डोके जड आहे म्हणाली आणि आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडली. निर्मलाने कपाळाला हात लावला. ते तापले होते. आत्ता विचार, तिच्या आतले कोणीतरी म्हणाले, आत्ता, बायका यायच्या आधी. तिने तोंड उघडले आणि ती म्हणाली, “पाणी ठेवलं आहे उशाशी.” मग दार लोटून ती बाहेर आली, कारण वच्छलाबाईंची हाक ऐकू आली होती. “अवो प्रार्थनेच्या बाई, आहे का घरात?” त्या ठेवणीतल्या शालीत आल्या होत्या, मागे आणखी सातआठ जणी, सतरंजी भरली. कोणीतरी म्हणाले, निर्मलाच्या घरात थंडीच वाजत नाही बापा, पवित्र आत्म्याचा हीटर आहे. सगळ्या हसल्या. गीत सुरू झाले. टाळ्यांचा ठेका वाढला. निर्मला टाळ्या वाजवत होती आणि तिचे सारे अंग कान होऊन लोटलेल्या दाराला लागले होते. आतून काहीच येत नव्हते. ना कण्हणे, ना कूस बदलल्याचा आवाज. आवाज आला असता तर ती उठली असती, असे ती स्वतःला बजावत होती. आणि त्याच वेळी तिला कळत होते की आवाज येणार नाही, तिच्या मुलीला आवाज न करणे आता येते, सकाळी ते तिने डोळ्यांनी पाहिले होते. मग ती कशाची वाट पाहत होती? गीत संपायची? बायका जायची? तिने स्वतःशी अतिशय स्वच्छपणे तो प्रश्न मांडला, बापाने मांडला असता तसा: आत्ता उठून आत जाण्यापासून तुला अडवणारे कारण कोणते? आणि उत्तरही तितकेच स्वच्छ आले. ती भरलेली सतरंजी. त्या ओल्या, विश्वासू डोळ्यांची रांग. मुलीच्या जिवाच्या एका बाजूला तिने हे ठेवले होते, आणि काटा हलत नव्हता.

“निर्मला, तूच कर आता,” वच्छलाबाई म्हणाल्या. माना खाली गेल्या. ती गुडघ्यांवर आली, “हे दयाळू बापा,” म्हणाली. इतकी वर्षे तिच्या मदतीवाचून चालणारे शब्द उंबरठ्यावर येऊन बसले. बायकांना वाटले तिचा कंठ दाटला. दोघीतिघी हुंदके देऊ लागल्या. तेवढ्यात फाटक वाजले. सुखराम खाकी शर्टावर स्वेटर घातलेला, सतरंजीच्या कडेने चपला काढून सरळ आत गेला. नेहमी तो अशा वेळी ओसरीत थांबे. आतून त्याचा आवाज आला, “तृप्ती. ओ तृप्ती. माय!” आणि तो तिला गोधडीसकट उचलून बाहेर आला. तिचे डोके त्याच्या खांद्यावर होते, ती तोंडाने थोडा थोडा श्वास घेत होती, पूर्ण श्वास छातीत मावत नसल्यासारखा. आणि एवढ्या बायका पाहून तिने चेहरा पुन्हा तसाच कोरा करण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न निर्मलाने पाहिला.

“सरका,” सुखराम म्हणाला. “सरका सगळ्या!”

ऑटोत तृप्ती दोघांच्या मध्ये होती. खड्डा आला की तिचे डोळे मिटत, ओरड मात्र येत नसे. सुखराम समोर पाहत बोलला, रस्त्याशी बोलावे तसा.

“म्या देत होतो तिले गोळ्या.”

निर्मलाला ऐकू आले, पण अर्थ मागून, पायी आला.

“तू घंटागाडीत टाकल्या ना, म्या सरकारी दवाखान्यातून दुसऱ्या आणल्या. डेपोत ठेवत होतो. कॉलेजात जाता जाता ते घेत होती. रोज. उन्हाळा, पावसाळा, सगळा.”

उन्हाळा, पावसाळा. भरलेले गाल, गायकांतला आवाज. एका क्षणात ते सगळे महिने तिच्या हातातून निघून कारणांच्या जगात परत गेले. ती तिथे पुन्हा पोचली होती, त्याच दोन गोलांसमोर. आणि, देवा, कसली लाज, तिच्या मनात पहिल्यांदा आले ते हे की मग मी सगळ्यांसमोर खोटे बोलले. दुसऱ्यांदा राग आला, नवऱ्याच्या त्या मुक्या शहाणपणाचा. तिसऱ्यांदा, फार उशिरा, प्रश्न आला.

“मंग आता काहून झालं?” तिने विचारले. “देत होते ना तुम्ही?”

सुखराम तृप्तीकडे वळला. त्यालाही ते माहीत नव्हते हे तिला दिसले. उत्तर त्या दोघांच्या मधून आले, तुटक, श्वासाश्वासावर.

“सणापासून... नाही घेतल्या. बाबा देत होते... म्या ठेवून देत होती.”

“कायले वो माय?” सुखराम म्हणाला. “कायले?”

“आई देवाच्या घरात बोलली. सगळ्यांसमोर... एक गोळी नाही म्हणे. मी खाल्ली तर आई... खोटी होते ना, बाबा.” ती थांबली, पुढचा श्वास शोधला. “म्हटलं, आता खरं करावं.”

ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. समोरून धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर येत होता. निर्मलाने मुलीचा हात धरला आणि तिला वाटले की हा हात धरण्याचा आपला अधिकार गेला आहे, पण हात सोडण्याचाही राहिलेला नाही.

दवाखान्यात वच्छलाबाई त्यांच्या पाठोपाठ पोचल्या, मुलाच्या मोटरसायकलवरून, शाल तशीच. चांगल्या मनाने आल्या होत्या; पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून त्यांचे ओठ हलू लागले. डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली काळे पडलेली. तिने बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला, नळी छातीवर ठेवली आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. “सिस्टर, ऑक्सिजन. लवकर.” मग ती तृप्तीवर वाकली. “सिकलसेल आहे ना? कुठं दुखतंय, सांग.”

“नाही दुखत,” तृप्ती म्हणाली.

“अजिबात नाही? पाठ? छाती?”

“नाही, मॅडम. दम लागते... थोडासा.”

“हे बघ, तू सांगितलंस तरच मला कळेल काय करायचं ते. वेळ नाहीये. कुठं दुखतंय?”

तृप्तीने डॉक्टरकडे पाहिले नाही. तिची नजर पायथ्याच्या शालीवरून सरकत आईकडे आली आणि थांबली. त्या नजरेत तक्रार नव्हती. विचारणा होती, परीक्षेत पेन संपलेल्या मुलीने पर्यवेक्षकाकडे पाहावे तेवढी साधी. निर्मलाच्या मनात त्या क्षणी कोणताही प्रकाश पडला नाही. देव आहे की नाही, कारण मोठे की कृपा, यातले काही सुटले नाही. तिला फक्त इतके दिसले की तिची मुलगी एक शब्द दाताखाली दाबून मरायला तयार आहे आणि तो शब्द तिच्याच हुकुमाने अडला आहे.

“सांग, बाई,” ती म्हणाली. मग वाकून पुन्हा म्हणाली. “सांग. दुखते म्हण.”

“आई, वच्छलाताई आहेत ना इथं,” तृप्ती पुटपुटली.

“असू दे. म्या खोटी साक्ष देल्ली.”

“निर्मला!” वच्छलाबाई पुढे आल्या. “असं नाही बोलत, सैतान कान लावून...”

“खोटी होती, ताई. गोळ्यानं बरी होती ते. तिचा बाप देत होता. म्या फेकल्या, आन उभी राहून तुम्हाले सांगतलं, तुम्ही रडले, मले बरं वाटलं.” ती मुलीकडे वळली. “तुह्या आईनं खोटं सांगतलं, तृप्ती. तुले खरं करायचं काम नाही. दुखते म्हण!”

तृप्तीचे ओठ हलले. महिनाभर मिटलेल्या तोंडाला कसे उघडायचे ते आठवत नसावे. मग तो कोरा चेहरा मधोमध चुरगळला आणि जो आवाज निघाला त्याने वॉर्डातली सारी डोकी वळली. बाजूच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. सुखरामने भिंतीला हात टेकला. वच्छलाबाईंचे ओठ थांबले. त्यांच्यातली परिचारिका जागी झाली की काय, त्यांनी शाल खुर्चीवर टाकली आणि ऑक्सिजनची नळी सोडवायला सिस्टरला हातभार लावला. “रडू नकोस, श्वास घे, श्वास घे,” डॉक्टर म्हणत होती, “आणि सांग, कुठं?” निर्मलाने मुलीला गप्प केले नाही. तिने तिच्या तोंडावर हात ठेवला नाही, प्रार्थना म्हटली नाही, डोळे मिटले नाहीत.

“पाठ,” तृप्ती ओरडली. “पाठ, आई... छाती, इथं, श्वास घेतला का इथं...” डॉक्टरचा हात तिच्या शब्दामागे जात होता. “मांडी. दोन्ही. दिवाळीपासून... हात वर नाही जात. इथं. आन इथं, मॅडम. आन इथं.”